वर्दी अंगावर आहे तोवर कागद करून घ्या

"ताई, नमस्कार. माझे मिस्टर फौजेत हवालदार आहेत. सध्या उत्तरेत सीमेवर आहेत, पुढच्या वर्षी पेन्शनवर येतील. २०१६ साली आम्ही कर्ज काढून पुण्यात दिघीला छोटा फ्लॅट घेतला, दोघांच्या नावावर. मी सातारा जिल्ह्यात गावी सासू-सासऱ्यांजवळ राहते, म्हणून फ्लॅट भाड्यानं दिला. पहिली दोन वर्षं अकरा-अकरा महिन्यांचा रजिस्टर करार केला. पुढे 'सुट्टीवर आलो की करू' म्हणता म्हणता राहून गेलं. तीन वर्षं झाली, करार नाही. अकरा हजार मात्र दर महिन्याला खात्यात जमा होतात. मुलगी दहावीला आहे, तिला अकरावीला पुण्यात घालायचंय. फ्लॅट मोकळा करा म्हटलं तर भाडेकरू म्हणतात, 'कोर्टात जा. तारखेला यायला तुमच्या माणसाला रजा कुठली मिळतेय?' गावातही तेच. वाटणीत मिस्टरांच्या नावावर आलेली दोन एकर आम्ही चुलत दिरांना कसायला सांगितली होती. आता ते म्हणतात, 'दहा वर्षं कसतोय, कुळ लागलो.' घरपट्टी माफीचा अर्ज केला तर ग्रामसेवकांनी तोही परत केला. मला कुणाशी भांडायचं नाही. पण फौजीच्या बायकोनं एकटीनं किती दारं ठोठावायची?
– एक हवालदारपत्नी"

ताई,

तुमच्या भाडेकरूचं ते रजेचं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आठवीत होते. माझे वडील सुभेदार. आमच्या घरात राहणाऱ्या माणसानं माझ्या आईला, आमच्याच ओसरीवर उभं करून, जवळजवळ हेच शब्द ऐकवले होते. वडील पेन्शनवर आले, आणि स्वतःचं घर असताना आम्ही नऊ वर्षं दोन खोल्यांत भाड्यानं काढली. पुढे मी वकिलीला आले. जुनी पुस्तकं चाळताना दिसलं की सैनिक घरमालकासाठी वेगळं कलम मुंबईच्या जुन्या भाडे कायद्यात सत्तरच्या दशकातच आलं होतं. आईनं तोवर कितीतरी उंबरे झिजवले होते, पण हे तिला एकानंही सांगितलं नव्हतं. म्हणून तुम्हाला दोन ओळींत "वकील गाठा" असं लिहून मोकळी होणार नाही. उत्तर लांबेल. सवडीनं वाचा, आणि मिस्टरांचा फोन येईल तेव्हा त्यांनाही वाचून दाखवा.

आधी एक घोळ मिटवते, कारण फौजी कुटुंबांची निम्मी दमछाक त्यातच होते. पगार, रजा, पेन्शन, कँटीन, दवाखाना हे सगळं केंद्राचं. त्यासाठी युनिट आहे, जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारं रेकॉर्ड ऑफिस आहे. पण घरमालक आणि भाडेकरूचं नातं, शेतजमीन आणि कूळ (म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा), घरपट्टी हे राज्याचे विषय आहेत. त्यांचे कायदे मुंबईच्या विधिमंडळात होतात आणि चालतात तहसील, महापालिका, ग्रामपंचायतीत. त्यामुळे रेकॉर्ड ऑफिसला पत्रं लिहून तुमचा फ्लॅट मोकळा होत नाही, आणि तहसीलदारापुढे 'आम्ही देशासाठी' म्हणून जमीन सुटत नाही. मात्र राज्याच्या याच कायद्यांमध्ये सैनिकासाठी मुद्दाम जागा ठेवलेली आहे. ती कुठं आहे ते माहीत हवं, आणि हातात योग्य कागद हवा. तुमचे मिस्टर अजून सेवेत आहेत ही तुमची सगळ्यांत मोठी जमेची बाजू. पेन्शन झाल्यावर बघू, असं म्हणू नका.

आता फ्लॅट.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यातलं कलम २३ लिहून ठेवा. घरमालक सैन्यदलात असेल, किंवा सैन्यदलातून निवृत्त झालेला असेल, आणि घर त्याला स्वतःला किंवा त्याच्या कुटुंबातल्या कुणाला राहायला खरोखर हवं असेल, तर ते परत मिळवण्याचा हक्क हे कलम देतं. बाकीच्या घरमालकांना गरज सिद्ध करायला साक्षी-पुराव्यांत वर्षानुवर्षं जातात. सैनिकाला त्याऐवजी एक दाखला दाखवायचा असतो. तो अधिकार असलेल्या लष्करी अधिकाऱ्याच्या सहीचा लागतो, आणि त्यात दोन गोष्टी लिहिलेल्या असाव्या लागतात. पहिली, हा माणूस सैन्यदलात आहे किंवा होता. दुसरी, त्या भागात त्याला किंवा त्याच्या घरच्यांना राहण्याजोगं दुसरं घर नाही.

दुसरी गोष्ट नीट समजून घ्या, कारण भाडेकरूचा वकील नेमकी तिच्यावरच बोट ठेवेल. 'यांचं गावाकडं चांगलं चौसोपी घर आहे की!' असेल. पण ते सातारा जिल्ह्यात आहे. कायदा विचारतो, जिथं फ्लॅट आहे त्या भागात दुसरं घर आहे का. तुम्हाला पुण्यात दुसरं घर नाही, फॅमिली क्वार्टरही नाही, असं पत्रावरून दिसतं. तसं असेल तर तेच दाखल्यात स्पष्ट येऊ द्या. 'कुटुंबातल्या कुणाला' यात तुमची मुलगी येते. अकरावीला पुण्यात शिकणारी मुलगी आणि तिच्यासोबत राहणारी आई, याहून खरी गरज कोणती?

आणखी एक बारीक गोष्ट. जुन्या कायद्यातल्या अशाच कलमाबद्दल ऐंशीच्या दशकात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की निवृत्तीनंतर एखाद्या घराचा मालक झालेल्या माणसाला ही सवलत वापरता येणार नाही. ती आहे सेवेत असताना घरमालक असलेल्यासाठी, बदल्यांमुळे स्वतःच्या घरात राहू न शकलेल्यासाठी. तुमचा फ्लॅट २०१६ चा, मिस्टर तेव्हाही वर्दीत आणि आजही वर्दीत. खरेदीखत आणि त्यांची सेवेची नोंद शेजारी ठेवली की हा प्रश्न तिथंच संपतो. मूळ खरेदीखत गृहकर्जापोटी बँकेकडे असेल, तर त्याची प्रमाणित प्रत आजच मागून ठेवा.

हा अर्ज दिवाणी कोर्टात जात नाही. या कायद्याखाली सरकारनं 'सक्षम प्राधिकारी' नेमलेले असतात, अर्ज त्यांच्यापुढे करायचा. समन्स बजावल्यावर भाडेकरूला ३० दिवसांत शपथपत्र देऊन आधी बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही किंवा मिळाली नाही, तर तुमचं म्हणणं त्याला मान्य आहे असं धरून ताब्याचा हुकूम होतो. परवानगी मिळाली तर सुनावणी होते. या हुकमावर अपील नाही. शासनाकडे फेरतपासणीचा अर्ज करता येतो, एवढंच. जिल्हा कोर्ट, मग हायकोर्ट, मग पुन्हा खाली, असा जो फेरा माझ्या आईच्या नशिबी आला, तो तुमच्या वाट्याला येण्याचं कारण नाही.

आता तुमचा करार संपलेला आहे त्याबद्दल. पत्रात ती ओळ तुम्ही फार अपराध्यासारखी लिहिली आहे. चूक झाली आहे हे खरं. या कायद्याचं कलम ५५ सांगतं की असा करार लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. ती न पाळल्यास शिक्षेची तरतूद आहे: ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून त्रासाचं म्हणजे, नोंदवलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. त्यामुळे तो उद्या म्हणेल, 'मी ठरावीक मुदतीच्या परवान्यावर नाही, मला कायमचा भाडेकरू म्हणून ठेवलंय, तोंडी ठरलं होतं.'

म्हणू दे. तुमच्याकडे दोन नोंदवलेले करार आहेत. ते 'लिव्ह अँड लायसन्स'चे, म्हणजे परवान्याचे करार असतील. कलम २४ खाली, परवान्याची मुदत संपल्यावर घर रिकामं करून देणं परवानाधारकावर बंधनकारक आहे. नाही दिलं तर त्याच सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मिळतो. त्यासाठी लेखी करारात जे लिहिलंय तो निर्णायक पुरावा असतो. शिवाय मुदत संपल्यापासून ताबा देईपर्यंत परवाना शुल्काच्या दुपटीनं नुकसानभरपाई मागता येते. तुमच्या अकरा हजारांचे बावीस हजार. तुमचा रोख पैशावर नाही हे मला कळतं, पण ही रक्कम नोटिशीत लिहिली की समोरच्याचा आवाज पुष्कळदा खाली येतो.

म्हणजे तो स्वतःला परवानाधारक म्हणवत असेल तर कलम २४ आहे, आणि भाडेकरू म्हणवत असेल तर कलम २३ आहे. अर्जात दोन्ही मुद्दे कसे मांडायचे, मुख्य कोणता आणि पर्यायी कोणता, हे कागद बघून तुमचे वकील ठरवतील. पण वकिलांना भेटाल तेव्हा कलम २३ चं नाव तुम्ही स्वतः काढा. अकरा महिन्यांच्या करारांची रोज कामं करणारे चांगले वकीलसुद्धा सैनिकाच्या या कलमाकडे कधी कधी वळत नाहीत, कारण असा अशील त्यांच्याकडे वर्षातून एखादा येतो.

भाडं खात्यात येतंय ते येऊ द्या, परत पाठवू नका. पण नोटिशीत स्पष्ट लिहा की करार संपल्यानंतर जमा झालेली रक्कम आम्ही आमचे सगळे हक्क राखून, केवळ नुकसानभरपाईपोटी घेत आहोत. नवा करार करू, सहा महिने वाढवून द्या, असं तो गोड बोलून म्हणाला तरी वकिलांना दाखवल्याशिवाय कशावरही सही करू नका.

आणि ताई, एक गोष्ट आवर्जून सांगते. तुमचे दीर, मिस्टरांचे पेन्शनवर आलेले दोस्त, कुणीतरी म्हणेल, चला, चार जण जाऊ आणि कुलूप लावू. किंवा सोसायटीला सांगून पाणी बंद करू, मीटर काढू. यातलं काहीही होऊ देऊ नका. पाणी, वीज, जिना अशा आवश्यक सोयी तोडायला याच कायद्याच्या कलम २९ नं मनाई केली आहे. तक्रार झाली तर तुमची धडधडीत खरी बाजू लंगडी पडते. सेवेत असलेल्या माणसाचं नाव पोलिसांच्या कागदावर आलं तर युनिटपर्यंत बात जाते, आणि पेन्शनला वर्ष राहिलेल्या हवालदाराला ते परवडणारं नाही.

आता रजेचा प्रश्न. हाच तर तुमच्या भाडेकरूचा हुकमी पत्ता आहे.

फ्लॅटवर तुमचंही नाव आहे. म्हणजे अर्जदार म्हणून तुम्ही स्वतः सही करू शकता, उभ्या राहू शकता, मुलीच्या शिक्षणाची गरज तुम्हीच सगळ्यांत नीट सांगू शकता. मिस्टरांच्या वतीनं वागण्यासाठी त्यांच्याकडून तुमच्या नावानं मुखत्यारपत्र करून घ्या. ते सुट्टीवर येतील तेव्हा इथं नोंदवून केलं तर उत्तम. त्याला वेळ असेल तर तिथल्या नोटरीपुढे करून पाठवता येईल.

दिवाणी कोर्टात काही सुरू झालं, समजा भाडेकरूच आधी धावत जाऊन मनाईहुकूम मागायला लागला, तर त्याचीही सोय शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश २८ सैनिकांसाठीच आहे. दाव्यासाठी रजा न मिळणाऱ्या जवानानं आपल्या वतीनं दावा चालवायला कुणालाही लेखी अधिकार द्यावा, तो कमांडिंग अधिकाऱ्यासमोर सही करून द्यावा, साहेबांनी त्यावर प्रतिस्वाक्षरी करावी, आणि कागद कोर्टात दाखल करावा. ती प्रतिस्वाक्षरी हाच पुरेसा पुरावा. मग तो अधिकार मिळालेली व्यक्ती, म्हणजे तुम्ही, स्वतः दावा चालवू शकता किंवा वकील नेमू शकता. यापलीकडे १९२५ चा इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट आहे. हे दोन्ही केंद्राचे कायदे, पण इथल्या कोर्टांत लागू. जवान कायद्यात सांगितलेल्या विशेष परिस्थितीत किंवा युद्धपरिस्थितीत सेवेवर असेल आणि लष्कराकडून तसा दाखला आला, तर त्याच्या पाठीमागे दावा पुढे न रेटता कोर्टानं तो स्थगित ठेवायचा असतो.

म्हणजे 'तुमच्या माणसाला रजा कुठली मिळतेय' हा प्रश्न कायदा करणाऱ्यांना तुमच्या भाडेकरूच्या जन्माआधीच पडला होता, आणि त्यांनी त्याचं उत्तरही लिहून ठेवलंय. भाडेकरूला तोंडानं काही सुनावू नका. नोटीसच पाठवा.

एवढं सगळं लिहूनही मी तुम्हाला जूनपर्यंत चावी हातात येईल असं वचन देणार नाही. समन्स बजावायला वेळ लागतो, फेरतपासणीत महिने जातात, तारखा पडतात. मुलीचा प्रवेश त्या चावीवर टांगून ठेवू नका. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाची सैनिकी मुलींची वसतिगृहं आहेत, पुण्यासह अनेक जिल्ह्यांत, आणि तिथं सेवेत असलेल्या जवानांच्या मुलींनाही घेतात. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आत्ताच चौकशी करून अर्ज कधी निघतात ते विचारून ठेवा, दहावीचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. मुलगी वसतिगृहात राहिली म्हणून फ्लॅटची गरज खोटी ठरत नाही. घर अडकलंय म्हणून ती वसतिगृहात आहे, हे अर्जात तसंच लिहायचं.

जमिनीकडे वळते. इथं माझा हात जरा जड होतो, कारण भाडेकरू परका असतो, दीर घरातला.

तुम्ही लिहिलंय की वाटणी झालेली आहे आणि दोन एकर मिस्टरांच्या एकट्याच्या नावावर आहे. तेव्हा पहिल्यांदा सातबाऱ्याचा ताजा उतारा काढा आणि बघा, कुळाच्या रकान्यात किंवा इतर अधिकारात दिरांचं नाव चढलंय का. नुसतं पीकपाहणीत, म्हणजे शेतातल्या पिकाच्या नोंदीत, नाव असणं आणि कूळ म्हणून नोंद असणं यात फार फरक आहे. नाव चढलं नसेल तर 'कुळ लागलो' हे आज तरी फक्त पारावरचं बोलणं आहे. कूळ आहे की नाही हा वाद तहसीलदारांपुढे चालतो, १९४८ च्या कूळ कायद्याच्या कलम ७० खाली. गावकी किंवा तलाठी ते ठरवत नाहीत.

दिरांची बाजू अगदीच पोकळ आहे, असंही मी म्हणणार नाही. दुसऱ्याची जमीन त्याच्या संमतीनं कसणारा माणूस कायद्यानं कूळ ठरू शकतो. कुटुंबातला माणूस, पगारावरचा गडी, गहाण घेऊन ताब्यात असलेला, एवढेच त्यातून वगळले आहेत. वाटणी झालेला चुलत भाऊ 'कुटुंबातला' धरायचा का, यावर वकील तासभर बोलू शकतील. बटईचा म्हणजे पिकातला वाटा, किंवा खंड म्हणजे जमिनीचं भाडं, तुम्ही घेत होता का, त्याची काही चिठ्ठी आहे का, हेही विचारलं जाईल. ते खरं तेच सांगा.

पण समजा ते कूळ ठरले, तरी गोष्ट तिथं संपत नाही. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन. त्या दिवशी हजारो कुळं जमिनीची मालक झाली. त्यानंतर नव्यानं लागलेल्या कुळाला जमीन विकत घ्यायची असेल तर त्यानं कूळवहिवाट सुरू झाल्यापासून एका वर्षाच्या आत तसं कळवायचं असतं, असं कलम ३२-ओ सांगतं. दिरांनी दहा वर्षांत असं काही कळवल्याचं तुमच्या पत्रात नाही.

आणि सैनिकाचं काय? कूळ कायदा 'कसेल त्याची जमीन' या न्यायावर उभा आहे, आणि तो न्याय योग्यच होता. माझ्या आजोळची जमीन त्यातच गेली, तरीही मी हे म्हणते. पण त्या न्यायात एक माणूस अडकत होता: पलटणीत गेलेला शेतकरी. तो जमीनदार नव्हता, आळशी नव्हता. जमीन कसायला तो गावात नव्हता, कारण तो कुठल्यातरी सीमेवर होता. म्हणूनच मूळ कायद्यात नाबालिग आणि विधवा यांच्या ओळीत सेवेतला सैनिकही बसवला गेला, आणि १९६४ च्या दुरुस्तीनं कायद्यात एक अख्खं प्रकरण सैनिकांसाठी घातलं गेलं, कलम ४३-१अ पासून पुढे. चीनचं युद्ध तेव्हा नुकतंच होऊन गेलं होतं. सेवेत असलेल्या किंवा सेवा संपलेल्या सैनिक मालकाला कुळवहिवाट संपवून, कमाल जमीन धारणेच्या मर्यादेत, जमीन परत घेण्याचा हक्क त्या प्रकरणानं दिला. तो सैनिक हयात नसेल तर त्याची विधवा, मुलगा, अविवाहित मुलगी, आई-वडील यांनाही. दोन एकर ती मर्यादा ओलांडण्याचा प्रश्नच नाही. नोटीस आणि अर्ज यांची रीत ठरलेली आहे. त्यासाठी महसुली कामं करणारा वकील साताऱ्यातच बघा, पुण्याचा नको.

मात्र मी तुमच्या जागी असते तर ही नोटीस आज पाठवली नसती. मिस्टर पुढच्या सुट्टीला येतील तेव्हा सासऱ्यांना मध्ये बसवून दिरांशी बोलले असते. पुष्कळदा 'कुळ लागलो' म्हणणाऱ्याला जमीन नको असते. हाताखालचं शेत एकदम काढून घेतील ही भीती असते. दोन हंगाम अजून कसा, पण कागदावर लिहून द्या की मालकी आणि ताबा भावाचा आहे आणि तुम्ही त्याच्या वतीनं कसताय, असं म्हटल्यावर किती दीर सही करतात हे मी पाहिलंय. आणि यंदापासून पीकपाहणी तुम्ही स्वतः करा. ई-पीक पाहणी २०२१ पासून मोबाइलवर आली आहे. खातेदाराच्या नावानं शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. मुलगी तुम्हाला दहा मिनिटांत शिकवेल. बोलणी फिसकटली, किंवा तहसीलमधून दिरांच्या अर्जाची नोटीस आली, तर मात्र एक दिवसही दवडू नका. १९२५ चा जो कायदा वर सांगितला तो महसुली न्यायालयांनाही लागू आहे.

घरपट्टीचं थोडक्यात. ग्रामसेवकांचं यात चुकलेलं नाही. राज्यानं २०२० साली बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना आणली, आणि माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा पत्नी यांना घरपट्टी आणि मालमत्ता करातून माफी दिली. मिस्टर अजून माजी झालेले नाहीत. पेन्शन आल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवा, तिथला दाखला घ्या, आणि मग अर्ज करा. फक्त एक लक्षात ठेवा, ही माफी राज्यातल्या एकाच मालमत्तेला मिळते. गावच्या घराची घरपट्टी काही शे रुपये असेल, पुण्याच्या फ्लॅटचा महापालिकेचा कर काही हजार. घाईघाईनं गावात माफी घेऊन बसलात तर फ्लॅटची जाईल. ग्रामसेवकांनी अर्ज परत केला हे एका अर्थी बरंच झालं.

कार्यालयात जालच, तर मिस्टरांच्या पुढच्या नोकरीचंही विचारा. तुम्ही ते लिहिलेलं नाही, पण पंचेचाळीशीच्या आतबाहेर पेन्शनवर येणारा माणूस घरी बसत नाही. राज्य सरकारच्या गट क आणि गट ड च्या पदांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, आणि वयाच्या अटीत सेवेची वर्षं अधिक तीन वर्षं सूट मिळते. डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, हाती पडले की त्यांच्या चार-चार छायाप्रती करून एक संच तुमच्याजवळ ठेवा. माझ्या आईची पत्र्याची पेटी होती, वडिलांच्या ट्रंकेवरच ठेवलेली. तिला वाचता जेमतेम यायचं, पण कुठला कागद कुठल्या घडीत आहे हे तिला अंधारात सांगता येई. शेवटी घर सुटलं ते त्या पेटीमुळे.

आता सगळ्यांत आधी करायचं काम, आणि ते मिस्टरांनी करायचंय. कमांडिंग अधिकाऱ्यांच्या नावानं अर्ज. मजकूर साधारण असा असावा, भाषा युनिटमध्ये चालते ती:

"मी अमुक युनिटमध्ये हवालदार असून अमुक तारखेपासून सेवेत आहे. दिघी, पुणे येथील सदनिका माझ्या व पत्नीच्या नावे २०१६ पासून आहे. ती सध्या भाड्याने दिलेली असून माझ्या पत्नीस व शिक्षण घेणाऱ्या मुलीस राहण्यासाठी तिची गरज आहे. पुणे येथे मला अथवा माझ्या कुटुंबीयांना राहण्यायोग्य दुसरे घर नाही. तरी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २३ अन्वये लागणारा दाखला सक्षम लष्करी अधिकाऱ्याच्या सहीने मिळावा, तसेच माझ्या वतीने न्यायालयीन काम पाहण्यासाठी पत्नीस द्यावयाच्या अधिकारपत्रावर प्रतिस्वाक्षरी व्हावी, ही विनंती."

सोबत खरेदीखताची प्रत, दोन्ही जुने करार, आणि मुलीच्या शाळेचा दाखला जोडा. अर्जाची पोच घ्यायला सांगा. दाखला आला की मला पुन्हा लिहा. नोटिशीचा मसुदा मी करून देईन.